पळीभर पाणी

गावात मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही, पशुधन पर्यवेक्षक आहे, आणि सुरुवातीची काही वर्षं हे मी भेटेल त्याला समजावून सांगत होतो. मग कंटाळलो. म्हशीला सुई टोचतो तो डॉक्टर, असं ज्यांनी ठरवलंय त्यांच्याशी हुज्जत घालून काय मिळणार? घोडेगावचा बाजार झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या दवाखान्यासमोर पिकअप येऊन थांबतात. नव्या म्हशीचा मालक खाली उतरायच्या आत मी ओरडायला सुरुवात करतो. "एकवीस दिवस वेगळी बांधायची! गोठ्यात न्यायची नाही! बादली वेगळी, दावं वेगळं!" माणसं मान डोलावतात आणि घरी जाऊन म्हैस सरळ जुन्या म्हशींच्या शेजारी बांधतात. पुढं सगळा गोठा लाळ गाळायला लागला की तीच माणसं मला फोन करतात. मी जातो, आधी शिव्या देतो आणि मग औषध देतो.

म्हणजे स्वभावानं मी तापट, आणि ज्या गोष्टीवरून सगळ्यात जास्त तापतो ती हीच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आमच्या घरात काचेची एक टाकी आहे. लेकीनं शाळेत असताना हट्टानं घ्यायला लावली होती. तिचं शिक्षण झालं, पुण्यात नोकरी लागली, लग्न झालं, टाकी मात्र इथंच राहिली. बाकीचे मासे एकेक करून गेले आणि एक गोल्डफिश तेवढी उरली. तळहाताएवढी, पिकल्या संत्र्याच्या रंगाची. इतकी वर्षं घरात असून मी तिच्याकडं कधी धड बघितलं नव्हतं. जनावर म्हणजे चार पायांचं, लाथ मारणारं, अशी माझी समजूत. तिचं पाणी बदलायचं काम बायको करायची.

तिला खरं बघितलं ते माझ्या आईनं.

आई शेतातल्या वस्तीवर राहायची, चार म्हशींबरोबर. तिचे गुडघे गेले तेव्हा मी तिला गावातल्या, रस्त्यालगतच्या आमच्या घरी आणलं आणि म्हशी घोडेगावला विकून टाकल्या. त्या दिवशी ती बाजाराला आली नाही. चार दावी तेवढी गुंडाळून बरोबर घेतली आणि इथं आल्यावर आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवली. पहिले काही आठवडे ती नुसती भिंतीकडं तोंड करून बसून असायची. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. आणि एक दिवस मी दवाखान्यातून आलो तर तिनं खुर्ची फिरवून टाकीसमोर घेतली होती.

"हिला पापनीच न्हाई," ती म्हणाली. "मग झोपती कशी?"

"मासे उघड्या डोळ्यानंच झोपतात, आई."

"म्हंजी सदा राखनीवर," ती म्हणाली, आणि पुन्हा टाकीकडं वळली.

पापणीची गोष्ट मी पुस्तकात कधीतरी वाचली होती, पण इतक्या वर्षांत एकदाही तो डोळा वाकून बघितला नव्हता. त्या संध्याकाळी बघितला. काळी बाहुली, भोवती सोनेरी कडं, आणि खरंच, वर झाकायला काही नाही. कल्ल्याचं झाकण उघडत होतं, मिटत होतं, आणि आत रक्तासारखी लाल पिसं हलत होती. पाण्यातून हवा गाळून घेणारं हे जिवंत यंत्र माझ्या जेवणाच्या टेबलापासून चार हातांवर बारा वर्षं चालू होतं आणि मी तिकडं पाठ करून भाकरी खात होतो. मला स्वतःची लाज वाटली.

आईनं तिचं नाव ठेवलं थोरली. बांगडीनं काचेवर टकटक केलं की थोरली कुठंही असो, सरळ पुढं यायची. मी माझ्या गाडीच्या किल्लीनं टकटक करून बघितलं. ती आली नाही. "किल्लीला कोन वळखतं," आई म्हणाली. मग ती तिच्याशी बोलायला लागली, पूर्वी म्हशींशी बोलायची तसंच. खाल्लंस का, अंग का चोरतीस, आज पानी गढूळ का. घरातला आईचा आवाज परत आला होता, आणि तो एका मुक्या माशानं आणला होता.

यंदा थंडीत बायको लेकीच्या बाळंतपणासाठी दोन महिने पुण्याला गेली. घरात मी आणि आई. मी सकाळी बाहेर पडलो की दिवसभर आई आणि थोरली. एक दिवस आई म्हणाली, "एकली हाय रं बिचारी. सोबत आन तिला." मीटिंगसाठी नगरला गेलो होतो तेव्हा एका दुकानातून गोल्डफिशची बोटाएवढी तीन पिल्लं घेतली. दुकानदार म्हणाला, सरळ सोडा टाकीत, काही होत नाही. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पिशवीला अजून एक रबर लावला. थंड वाऱ्यानं पाणी गार पडू नये म्हणून ती पिशवी जॅकेटच्या आत छातीशी धरून मी मोटारसायकलवर घरी आलो. वाटेत तीन जीव माझ्या पोटाशी हलत होते आणि मी आयुष्यात कधी नव्हे इतकी हळू गाडी चालवली.

आईनं दारात अडवलं. हळदी-कुंकू आणलं. माशाला कुंकू लावायचं कसं, म्हणून तिनं पिशवीच्या प्लॅस्टिकवरच बोट टेकवलं.

मी मागच्या व्हरांड्यात मोठा निळा टब मांडला होता. पिल्लं त्यात सोडली आणि भाषण सुरू केलं. एकवीस दिवस या इथंच राहतील. यांची जाळी निळी, थोरलीची हिरवी. यांचा मग लाल, थोरलीचा पांढरा. आधी थोरलीला खायला घालायचं, मग यांना, आणि यांच्या पाण्यात हात गेला की कोपरापर्यंत साबणानं धुवायचा. अंगात रोग दबा धरून असला तर तो या दिवसांत वर येतो.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "हे तू मला शिकवतूस व्हय? तुझा जनम नव्हता तवापासनं नवी म्हस आमी लांबच्या लिंबाखाली बांधायचो."

"मग झालं तर."

"आनि वळख? वळख कधी करून द्यायची?"

तेवढ्यात कुणाचा तरी फोन आला, कुणाची तरी गाय अडली होती. "एकवीस दिवसांनी," असं बोलून मी बाहेर पडलो. तिनं काय विचारलं होतं, ते मला कळायला पुढं बरेच दिवस जावे लागले.

पाचव्या दिवशी एका पिल्लाच्या शेपटीवर पांढरे ठिपके दिसले. दुपारपर्यंत तिघींच्या अंगावर दिसले, कुणी वरून रवा भुरभुरावा तसे. मासे पाळणाऱ्यांना हा रोग चांगला माहीत असतो. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मी हरखलो. पुण्याला फोन लावून बायकोला म्हणालो, बघ, सरळ टाकीत सोडल्या असत्या तर! टबात मीठ टाकलं, रोज तळाचं पाणी नळीनं काढून टाकायला लागलो, आणि दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला चार दिवस हीच गोष्ट ऐकवली. एक आजोबा म्हणाले, डॉक्टर, माझी शेळी तेवढी बघता का.

आई मात्र त्या दिवसापासून गप्प झाली. ताटात अर्धी भाकरी तशीच ठेवायची. दिवसभर टाकीसमोर बसायची, पण बांगडी वाजवायची नाही. मला वाटलं, थंडीनं गुडघे दुखत असतील. मी तिला गोळी दिली.

नवव्या दिवशी सकाळी थोरलीच्या शेपटीच्या टोकावर एक पांढरा ठिपका होता.

माझा विश्वास बसेना. जाळी वेगळी, मग वेगळा, हात धुतलेले. मी घरभर फिरलो. नळी तपासली, बादल्या तपासल्या, स्वतःच्या शर्टाच्या बाह्या हुंगल्या. नसेल तो रोग, दुसरं काही असेल, म्हणून त्या दिवशी दवाखान्यातला जुना, आरशाचा सूक्ष्मदर्शक पिशवीत घालून घरी आणला. सरकारी वस्तू अशी घरी नेता येत नाही. कुठं नोंदवलं नव्हतं, आज इथं लिहितो आहे.

अंगणात ऊन होतं. स्टुलावर सूक्ष्मदर्शक ठेवला, एका पिल्लाच्या अंगावरचा बुळबुळीतपणा काचपट्टीच्या कडेनं हलकेच खरवडला, आरसा उन्हाकडं फिरवला आणि डोळा लावला.

रोगाचा जंतू तिथं होता. गोल, करडा, कडेला बारीक केसांची झालर, आणि ते सगळे केस एका लयीत हलत होते. तो स्वतःभोवती फिरत होता, अगदी सावकाश, कसलीच घाई नसल्यासारखा. फिरता फिरता त्याच्या पोटातली घोड्याच्या नालासारखी आकृती दिसायची, पलीकडं जायची, पुन्हा दिसायची. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे. तीस वर्षं मी रोगांशी भांडतो आहे. पण रोग इतका देखणा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझी मान दुखायला लागली तेव्हा भानावर आलो.

आईला हाक मारली. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तो डोळा मी नळीवर टेकवून दिला.

"नुसतं पांढरं दिसतंय."

मी आरसा थोडा हलवला.

"अगं बाई," ती म्हणाली. तिनं दोन्ही हातांनी स्टुलाची कड घट्ट धरली होती. "हे तर फिरतंय रं. एकलंच गिरक्या घेतंय."

मी तिला सगळं सांगितलं. हा माशाच्या कातडीखाली बसतो, तिथं औषध पोचत नाही. पोट भरलं की सुटतो, तळाला जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि आतल्या आत फुटत जातो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो. ते बाहेर पडतात आणि मासा शोधत पोहत सुटतात. दोनेक दिवसांत मासा भेटला नाही तर मरून जातात. मिठानं मरतात ते त्या पोहण्याच्या वेळीच. सांगताना माझाच आवाज बदलला होता. मग मी टबाच्या तळाचं पाणी काचपट्टीवर घेतलं. त्यात ते होते, बारीक, पेरूच्या बीएवढेसुद्धा नाहीत, इकडून तिकडं धावणारे.

आईनं पुन्हा डोळा लावला. डोळा न काढताच विचारलं, "एका पळीत असलं किती मावत्याल रं?"

"पळीत? खूप. मोजता यायचे नाहीत. का?"

ती सरळ झाली. माझ्याकडं न बघता टाकीकडं बघत बोलली. "मी रोज पळीभर घालत हुते. ह्यांचं थोरलीला आनि थोरलीचं ह्यांना. देवाच्या पळीनं. ठिपकं दिसल्याव थांबले. पर चार दिस घातलं."

आमच्या घरात रीत होती, हे मला त्या अंगणात, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी आईकडून कळलं. नवी म्हैस लिंबाखाली बांधली की जुन्या म्हशींच्या पाठीवर फिरवलेलं गोणपाट नेऊन तिच्या पाठीवर फिरवायचं, आणि तिच्या पाठीवरचं इकडं आणायचं. वास ओळखीचा झाला की गोठ्यात आणायच्या दिवशी शिंगाला शिंग लागत नाही. ही ओळख. आजीनं आईला शिकवलेली. गोठ्यातलं काम बायका करायच्या आणि मी दारात उभा राहून दूध प्यायचो, म्हणून मला पत्ता नव्हता. माशांना वास कशाचा, तर पाण्याचा. तिनं स्वतःच्या बुद्धीनं बरोबर शोधून काढलं होतं. माझे सगळे नियमही पाळले होते. जाळी वेगळी, मग वेगळा, हात धुतलेले. पळीबद्दल मी काही सांगितलं नव्हतं.

तिचं बरोबर होतं, हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. "सगळ्या तालुक्याला मी हे सांगत फिरतो आणि माझ्याच घरात!" असं म्हणालो. आणि शेवटी म्हणालो, "ती मेली तर तुझ्यामुळं मरेल."

आईनं पदर सारखा केला. आत गेली, देवघरातली पळी उचलली, राखेनं घासली, फडक्यात गुंडाळली आणि पेटीत दाव्यांच्या शेजारी ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं पूजेला वाटी वापरली.

थोरली झपाट्यानं खालावली. तीन दिवसांत तिच्या अंगावर ठिपके मोजता येईनात. पर मिटून ती तळाशी एका कोपऱ्यात पडून राहायची, कल्ले भराभर हलायचे. मी मीठ घातलं, पाणी उबदार ठेवायला नगरहून हीटर आणला, हवेचा छोटा पंप होताच. पिल्लांतली एक गेली. आईनं ती परसात कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरली, मला न सांगता. टाकीला मात्र ती हात लावेना. माझी वाट बघायची, आणि मी आलो की विचारायची, खायला घालू का.

थोरली आजारी पडल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मी एका वस्तीवर गायीची तपासणी करत होतो. माझा उजवा हात खांद्यापर्यंत गायीत, आणि खिशात फोन वाजायला लागला. मालकानं फोन काढून माझ्या कानाला लावला.

"लाईट गेली," आई म्हणाली. "फुगं येनं बंद झालंय. थोरली वर येऊन तोंड वासतीया."

"मग पाणी हलव. तांब्यानं वर उचलून सोड."

मग ती म्हणाली, "कंचा तांब्या घिऊ?"

मी तिला पांढरा मग सांगितला. ती म्हणाली, बरं. फोन बंद झाला. गाय पाय आपटत होती, मालक काहीतरी विचारत होता, पण माझ्या कानात तेवढंच राहिलं. साठ वर्षं गोठा सांभाळलेली बाई मला विचारत होती, कुठल्या भांड्याला हात लावू. तिचा आवाज भेदरलेला होता, आणि तो तसा मी केला होता.

त्या दिवशी एकामागून एक कामं निघाली. घरी पोचायला दुपारचे दोन वाजले. लाईट आली नव्हती. आई टाकीपाशी उभी होती. पांढरा मग बुडवायची, हात खांद्याच्या वर न्यायची आणि पाणी धारेनं सोडायची. पुन्हा बुडवायची. थोरली त्या धारेखाली, उसळणाऱ्या पाण्यात तोंड करून थांबली होती. टाकीत झाकण घट्ट लावलेल्या दोन बाटल्या तरंगत होत्या, जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेल्या. मी हात लावून बघितला. गरम पाण्याच्या. थंडीत जन्मलेल्या वासराला ती असंच शेकायची.

"आई, कधीपासून उभी आहेस?"

"तुला फोन केला तवापासनं. सोडलं की ती कलती."

सहा तास. ज्या गुडघ्यांवर तिला मोरीपर्यंत जाताना भिंत धरावी लागते, त्या गुडघ्यांवर. मी मग तिच्या हातातून घेतला. तिची बोटं मुठीसारखी वळली होती, ती सरळ होईनात. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः धार सोडायला लागलो. दहा मिनिटांत माझा खांदा भरून आला. मी पाण्याकडं बघत होतो, माशाकडं बघत होतो, आणि मागं खुर्चीवर बसलेल्या त्या बाईकडं वळून बघायची माझी छाती होत नव्हती. सूक्ष्मदर्शकात जे बघितलं त्यानं मी थक्क झालो होतो. पण हे त्याहून मोठं होतं आणि त्याला कुठलंही भिंग लागत नव्हतं.

चार वाजता लाईट आली.

पुढच्या आठवड्यात ठिपके गळायला लागले. एका सकाळी थोरलीचे पर उघडलेले दिसले. मी आईला हाक मारली, म्हणालो, बांगडी वाजव. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हणालो. तिनं अगदी हळू टकटक केलं. थोरली तळातून वर आली, काचेपर्यंत आली, आणि आईनं सोडलेला दाणा तिनं तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. माझा जीव भांड्यात पडला. आईच्या डोळ्यांना धार लागली आणि मी हसायला लागलो, लहान मुलासारखा.

तिथंच, टाकीसमोर बसून, मी तिला म्हणालो, "मी त्या दिवशी फार बोललो."

"चुकलंच हुतं माजं," ती म्हणाली. थोडा वेळ थोरलीकडं बघत राहिली. मग त्याच आवाजात म्हणाली, "लाळ-खुरकुताची साथ आल्ती, ठावं हाय? चांदीची पारडी गेल्ती आपली."

मला आठवत होतं. आमच्या चांदी म्हशीची, कपाळावर पांढरा चांद असलेली तीन महिन्यांची पारडी. आचळाला तोंड लावून उभी असताना कोसळली होती. मी दिवसभर गावातली आजारी जनावरं बघत होतो आणि माझ्या स्वतःच्या गोठ्यात रोग शिरला, म्हणून मी पिसाळलो होतो. दूध न्यायला वस्तीवर येणाऱ्या माणसाला मी धरलं होतं. तूच गावभर हिंडून रोग आणलास, म्हणून नाही नाही ते बोललो, पुन्हा वस्तीवर पाय ठेवू नको म्हणून सांगितलं. तो बिचारा खाली मान घालून गेला. तेव्हापासून आईच दुधाची किटली डोक्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत जायची, रोज दोन वेळा, कित्येक वर्षं.

"तू रोज सांजच्याला यायचास," आई म्हणाली. "दिसभर रोगी जनावरांत फिरून. बुटासकट सरळ गोठ्यात. चिकल तसाच. पारडीला जवळ घ्यायचास."

माझ्या डोळ्यांसमोर ते काळे गमबूट आले, त्यांच्यावरचा वाळलेला चिखल आला. इतक्या वर्षांत मला हे एकदाही सुचलं नव्हतं. एकदाही नाही. दुसऱ्यांच्या बादल्या आणि दावी मोजत फिरलो, आणि स्वतःच्या पायांकडं बघितलं नाही.

"तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? पारडी माघारी आली असती?" ती म्हणाली. "तू उपाशी आलेला असायचास. ताट वाढायचं का तुजं बूट बघायचं."

तिनं हे टोमणा म्हणून सांगितलं नव्हतं, ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. टोमणा असता तर सोपं गेलं असतं, मी भांडलो तरी असतो. मी उठून बाहेर गेलो. त्या दूधवाल्याचं घर मला माहीत होतं. संध्याकाळी गेलो. तो मला ओळखून उठून उभा राहिला, म्हणाला, या डॉक्टर. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ द्या, लई दिस झाले, च्या घ्या. दिवस झाले म्हणून काही कमी होत नव्हतं, पण चहा घेतला.

शेवटचा ठिपका गेल्यापासून मी पुन्हा एकवीस दिवस मोजले. टबात दोन पिल्लं निरोगी, टाकीत थोरली निरोगी. एकत्र करायच्या दिवशी सुट्टी घेतली. आईची पेटी उघडली, दाव्यांच्या शेजारचं फडकं काढलं, पळी बाहेर घेतली, घासली आणि तिच्यासमोर धरली.

"आता कशाला?" ती म्हणाली. "आता तर एकाच पान्यात जानार त्या."

"रीत आहे आपली. ओळख करून दे."

तिनं पळी घेतली नाही. माझ्याकडं बघितलं. "हात धुतलंस?"

"धुतले."

"आनि पाय?"

बूट मी आता फाटकाबाहेर काढतो, आणि पायरीशी लाल औषधाच्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं असतं. सकाळपासून मी कुठं बाहेर गेलोही नव्हतो. तरी बाहेर गेलो, घमेल्यात दोन्ही पाय बुडवले, टाचा घासल्या आणि पुसून आत आलो.

ती पळी हातात धरून माझी वाट बघत थांबली होती.